ओट्यावरची हाज्जा

उस्ता शेहाताला एकच खोड होती. जे दिसतं तेच तो काढायचा. रंगाऱ्याला ही खोड लागली की त्याच्या घरची चूल रोज पेटेलच असं नाही.

नजादोम वस्तीत कुणी हजला गेलं की ते माणूस परत यायच्या आत घराची दर्शनी भिंत रंगवून ठेवायची रीत. चुन्यावर काबा, वर विमान, एखादा उंट, दाराच्या दोन्ही अंगांना तलवारवाले सिंह, आणि मधोमध पांढऱ्या कपड्यात हजला गेलेलं माणूस. माणूस म्हणजे काय, वाटोळा चेहरा, दोन ठिपके आणि एक रेघ. कुणाचा चेहरा कुणालाही चालून जायचा. आजवर कुणाची तक्रार नव्हती.

शेहाताला नेमकं तेवढंच जमत नसे. सिंह त्यानं जन्मात पाहिला नव्हता, म्हणून तो आपल्या कुत्र्याकडं बघून सिंह काढायचा. सिंह व्हायचा झकास, पण दारात आलेल्या पाहुण्याकडं भाकरी मागितल्यासारखा बघायचा. विमान त्यानं फक्त खालून पाहिलेलं, म्हणून त्याच्या विमानाला पोटच पोट. आणि अतिया खाटकाला तर त्यानं तराजूसकट काढला होता. तराजूच्या पारड्यावर अतियाचा अंगठाही काढला, जिथं तो रोज असतो तिथंच. अतिया हज करून आला, भिंतीसमोर उभा राहिला, काही न बोलता आत गेला आणि चुन्याची बादली घेऊन बाहेर आला. अंगठा झाकला गेला खरा, पण तेव्हापासून गिऱ्हाइकं तराजूकडं बघायची सोडून अतियाच्या हाताकडंच बघायला लागली.

तशात बाजारगावच्या नागी रंगाऱ्यानं पत्र्याचे साचे कापून आणले. एक साचा काब्याचा, एक उंटाचा, एक हाजी बुवाचा, एक हाजी बाईचा, म्हणजे हाज्जाचा. साचा भिंतीला लावायचा, पंपानं फुसफुस रंग मारायचा, दुपारच्या चहाला माणूस मोकळा. साऱ्या पट्ट्यातले हाजी नागीच्या साच्यातून सख्खे भाऊ होऊन निघायला लागले. लोक खूश. शेहाताच्या हाती उरले गुरांच्या गोठ्याचे दरवाजे आणि गाढवगाडीच्या फळ्या.

त्या वर्षी गव्हाच्या कापणीच्या तोंडाला हज आली. किनावीची आई, हमीदा म्हातारी, हजला गेली. किनावी म्हणजे वस्तीतलं मोठं घर. मिशा मोठ्या, आवाज मोठा, आणि आई घरात असेल तेव्हा दोन्ही बारीक. तो धाकट्या भावाला, बखीतला, घेऊन शेहाताच्या दारात आला.

"उस्ता, गावच्या पाटलाच्या आईला त्या नागीनं साच्यातून काढलीय," किनावी म्हणाला. "गेल्या जुम्म्याला मी भिंतीवर तीच समजून सलाम केला, तर ती शेजारच्या मोच्याची सासू निघाली. मला तसलं नको. माझी आई मला हुबेहूब पायजे."

"हुबेहूब?" शेहातानं विचारलं.

"हुबेहूब. उद्याच्याला पावणे येतील, केना शहरातनं माणसं येतील. बघणाऱ्यानं म्हटलं पायजे, ही हमीदाच."

आतून शेहाताची बायको फहीमा खाकरली. ती चाळणीनं पीठ चाळत होती. खाकरणं पिठाचं नव्हतं, हे शेहाताला कळलं. पण त्याचे कान तोवर 'हुबेहूब' या शब्दावर बसून राहिले होते. एवढ्या वर्षांत हा शब्द त्याला कुणी दिला नव्हता.

दोघे भाऊ गेल्यावर फहीमा बाहेर आली. "अवं, लोक हुबेहूब म्हणतात ते जरा बरं करून द्या म्हणून म्हणतात."

"त्यानं दोनदा म्हटलं, फहीमा."

"अतियानं तीनदा म्हटलं हुतं."

पण यावेळी नुसत्या एका भिंतीची गोष्ट नव्हती. वस्तीतल्या जाबिरचाचाच्या भिंतीचा रंग उडाला होता, ती नव्यानं काढायची होती. पुढच्या साली जाणारी घरं होती. सगळे म्हणाले, हमीदा येऊ दे. तिला पसंत पडली तर उस्ता, न्हाईतर नागी. हमीदानं नाक मुरडलेली गोष्ट नजादोममध्ये पुन्हा कुणी दारात उभी केलेली नव्हती. तेव्हा ही भिंत पुसली गेली की शेहाताचा कुंचला कायमचा गोठ्याच्या दारांना लागला, हे त्यालाही कळत होतं आणि फहीमाला तर जास्तच.

कामाला सुरुवात झाली. फहीमा चुना चाळायची, त्यात कपड्याची नीळ घालायची, चामड्याचा सरस शिजवायची, भट्टीतली काजळी खरवडून काळा घोटायची. सगळ्या अंगाला नीळ लागून ती निळी दिसायला लागली. कुंचल्याला केस गाढवाच्या शेपटीचे, गाढवाला न विचारता घेतलेले. त्यापायी शेहाताच्या मांडीवर एक खूर उमटला होता आणि शिडी चढताना तो 'या अल्ला' दर पायरीला म्हणायचा. लोकांना वाटायचं, काबा काढतोय म्हणून म्हणतोय.

काबा त्यानं उंचावर, जपून, कॅलेंडरवर बघून काढला. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्यापुढं तो नेहमीच जरा दबून असायचा. पण खाली, खऱ्या ओट्याच्या वर, त्यानं दुसरा ओटा काढायला घेतला, आणि त्याच्यावर हमीदाला बसवायचं ठरवलं.

"तुमी माझ्या आईला विमानात बसवा की!" किनावी म्हणाला.

"विमानात बसलेली मी पाहिली न्हाई. ओट्यावर रोज पाहिलीय."

"बाईमाणसाचा चेहरा रस्त्यावर..." बखीतला शंका आली.

"ह्या ओट्यावरनं ती चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीला बघतीय," शेहाता म्हणाला, "आता गल्लीनं तिला बघितलं तर काय बिघडलं?"

बैठक जमेना. म्हातारी नेमकी कशी बसते ते हाताला आठवेना. शेवटी किनावीची धाकटी भावजय, बखीतची बायको सबाह, पाणी घेऊन आली होती ती म्हणाली, "उस्ता, मी दाखवू?"

ती ओट्यावर बसली. एक गुडघा वर, एक पाय सोडलेला, काठी मांडीवर आडवी, पदराचं टोक दातात. शेहाताचा हात चालायला लागला. सबाहलाही रंग चढला. तिनं काठी ओट्यावर आपटली आणि आत ओरडली, "अगं जमालात! चुलीत जळण घालतीस का गावाला आग लावतीस?"

आतून थोरली जाऊ जमालात दोन्ही हात कणकेनं भरलेले, डोक्यावरची ओढणी सावरत धावत आली. "न्हाई आत्याबाई, दोनच काटक्या..." आणि बघते तर सबाह. मग तिनं कणकेचा गोळा फेकला. तो सबाहला चुकवून विमानाच्या पोटाला जाऊन चिकटला. विमानाला पोट आणखी वाढलं.

बैठक झाली, हात झाला, काठी झाली. राहिला चेहरा. शेहाता घरातल्या एकेकाला विचारत सुटला.

"बखीत, तुझ्या आईचे डोळे कसे हाएत?"

"मायाळू," बखीत म्हणाला.

"शेवटचे कधी बघितलेस?"

"आईच्या डोळ्यांत कोण बघतंय, उस्ता? मी आपला तिच्या पायाकडं बघतो. पायाचं काय विचारायचं ते विचारा. डाव्या अंगठ्याचं नख फुटलंय."

जमालातला विचारलं, तिनंही पायच सांगितले. टाचेला भेग, दोन जागी. म्हैस राखणाऱ्या गड्यानं सांगितलं, चप्पल एका बाजूनं झिजलीय. चहावाल्यानं सांगितलं, ती उजवा पाय आधी टाकते, तेवढा आवाज आला की मी साखर वाढवतो. अख्ख्या वस्तीनं मिळून हमीदाचे पाय असे सांगितले की तसे पाय कुठल्याही भिंतीवर कुणी काढले नसतील. चेहरा कुणालाच माहीत नव्हता. तोंड वर करून तिच्याकडं बघणारं कुणी नव्हतंच.

मग शेहाता आपल्यापुरता आठवत बसला. पाण्याची पाळी होती तेव्हा त्यानं तिला पाटावर बसलेलं पाहिलं होतं. भर उन्हात, पोरं सावलीला गेलेली, आणि ही एकटी पाटाच्या दाराच्या फळीपाशी. पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात वळू नये म्हणून डोळे लावून. पापणी हलत नव्हती. ते डोळे त्याला पक्के आठवत होते. त्यानं तेच काढले. दोन्ही भुवयांच्या मधली आठी काढली. डाव्या गालावरचा तीळ काढला. तोंडाच्या कडेला पदर चावून चावून पडलेली खळी काढली. फहीमा शिडी धरून उभी होती. तिनं वर बघितलं आणि शिडी सोडून हात जोडल्यासारखे केले. शिडी घसरली. शेहाता हमीदाच्या पायांपाशी येऊन पडला.

"अवं, लागलं का?"

"चेहरा पुसला का?"

"न्हाई."

"मग न्हाई लागलं."

त्याच दुपारी वारा सुटला. शेजारी गव्हाची मळणी चाललेली. भुश्याचा लोट उठला तो थेट ओल्या भिंतीवर. शेहातानं अंगावरचा झगा काढून हमीदाच्या चेहऱ्यावर धरला आणि आतल्या कपड्यांवर, डोळे मिटून, वारा थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. गल्लीतल्या बायकांनी तोंडं फिरवली, पण फार लांब फिरवली नाहीत. चेहरा वाचला. काब्याच्या काळ्या ओल्या रंगावर मात्र भुसा जाऊन बसला, आणि बसला तो बरोबर वरच्या अंगाला, आडव्या पट्ट्यात, जिथं जरीची पट्टी असते तिथंच.

मशिदीतून बाहेर पडलेली माणसं थांबली. "काय जरीची पट्टी काढलीय उस्तानं! चकाकतीय बघा!"

"मी न्हाई काढली," शेहाता झगा चढवत म्हणाला. "भुसा हाय तो."

"बघा, किती साधा माणूस," लोक म्हणाले आणि त्याच्याकडं आदरानं बघायला लागले. आयुष्यात जी गोष्ट त्यानं केली नाही तिच्याबद्दल त्याचं पहिल्यांदा कौतुक झालं. तो दिवसभर गोंधळलेला होता.

खरी मजा दुसऱ्या दिवसापासून. गाढवगाडीवाला तिन्हीसांजेला गल्लीत शिरला, खाली उतरला, "सलाम, हमीदाआई," म्हणून गाढव चालवत पुढं गेला. आणि कोपऱ्यावर गेल्यावर त्याला आठवलं, म्हातारी तर मक्केत. तो परत बघायला आला नाही. त्यानं वाट बदलली. सबाह म्हशीच्या लोण्यातला एक गोळा हळूच माहेरी धाडायला निघाली होती, ती दारात आली, भिंतीवरच्या डोळ्याला डोळा भिडला आणि लोणी घेऊन आत वळली. किनावी ओट्यावर सिगारेट ओढायला बसला, मागं कुणीतरी असल्यासारखं वाटलं, त्यानं ती तळहातात लपवली आणि हात भाजून घेतला. म्हातारी हजला गेल्यापासून घरात जरा मोकळं हसणं-बोलणं सुरू झालं होतं. भिंत झाली आणि घर पुन्हा शिस्तीत आलं.

किनावीला हे सगळं चाललं असतं. पण त्याच्या मनात वेगळंच होतं. हमीदाची एक म्हैस होती, तिच्या माहेरची. किनावीला मोटारसायकल हवी होती. आई परत यायच्या आत म्हैस बाजारात, आणि आईला सांगायचं की आजारी पडली, गेली. त्यानं दियाब दलालाला बोलावलं. सौदा ओट्यावरच व्हायचा, तशी तिथली रीत. हातात हात द्यायचा आणि वरून शेजाऱ्यानं तिसरा हात ठेवायचा.

दियाब आला, म्हशीच्या पाठीवर थाप मारली, दात बघितले, ओट्यावर बसला. चहा आला. किनावीनं हात पुढं केला. दियाबनंही केला. आणि मान वर केली.

त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"किनावी, तू म्हणालास म्हातारी हजला गेलीय."

"गेलीय की."

"मग ही कोण?"

"चित्र हाय ते, दियाबभाऊ."

दियाबनं पुन्हा वर बघितलं. कधीकाळी एका वासराच्या सौद्यात ती काठी त्याच्या पाठीत बसली होती. "चित्र असंल," तो उठत म्हणाला, "पर मी हिच्यासमोर हिची म्हैस घेणार न्हाई. माझी पाठ दुखायला लागली."

"चहा तरी घ्या!"

"तूच पी. ती बघतीय."

किनावी तडक शेहाताच्या घरी आला. आता 'तुमी' कुठं गेलं होतं कुणास ठाऊक.

"ए उस्ता! डोळे बदल तिचे!"

"का बरं?"

"लोक घाबरतात. मीट ते. बाई नमाज पढतीय, डोळे मिटलेत, असं कर."

शेहाताला रंगाचे पैसे घ्यायचे होते, भांडण नको होतं, भिंत तर अजिबात घालवायची नव्हती. कुंचला घेऊन तो गेला, शिडी चढला, हमीदाच्या पापणीपाशी कुंचला नेला. हात पुढं जाईना. खालून फहीमा म्हणाली, "किनावीभाऊ, एक विचारू? तुमची आई गाडीतनं उतरंल, भिंतीवर बघंल, तर तिचे डोळे मिटलेले. ओट्यावर बसल्या जागी डोळे मिटलेली म्हातारी. त्याचा अर्थ ती काय घेईल?"

किनावीनं अर्थ घेतला. घाम पुसला. "मग... मग हसरी कर."

"करतो," शेहाता वरून म्हणाला. "कशी हसती ते सांगा. मी कधी पाहिली न्हाई."

किनावीनं बखीतकडं बघितलं. बखीतनं जमालातकडं. जमालातनं सबाहकडं. सबाहनं म्हशीकडं.

"बरं," किनावी शेवटी म्हणाला. "आई येऊ दे. बघून तिचं तोंड वाकडं झालं की त्याच वक्ताला चुना. बादली मी दारामागं ठेवतोय. आणि तू पुन्हा ह्या वस्तीत भिंतीला हात लावायचा न्हाईस."

"ठरलं," शेहाता म्हणाला. शिडी उतरताना तो पुन्हा दर पायरीला 'या अल्ला' म्हणाला, पण ते मांडीवरच्या खुरानं असेल.

म्हातारी आली. पांढरी निशाणं लावलेल्या गाडीतून, ढोल, बायकांची किलकारी, दारात मेंढा. नागीसुद्धा आला होता. साचे गाडीत बांधून, लागले तर असावेत म्हणून. केना शहरातले पाहुणे आले होते. जाबिरचाचा काठी टेकून पुढं उभा होता. शेहाता गर्दीच्या मागं, भिंतीला पाठ लावून, दुसऱ्याच्या घराच्या. फहीमानं त्याच्या झग्याचं टोक घट्ट धरलं होतं; पळून जाईल म्हणून की पडेल म्हणून, ते तिलाच माहीत.

हमीदा गाडीतून उतरली. उजवा पाय आधी. वाळली होती, काळी पडली होती. कुणाच्या गळ्यात पडायच्या आधी तिची नजर भिंतीवर गेली. ढोल आपोआप थांबला.

"ही मी का?"

"हुबेहूब हाय का न्हाई, हाज्जा?" जाबिरचाचा म्हणाला.

"तीळ चुकलाय," हमीदा म्हणाली. "माझा तीळ उजव्या गालावर हाय."

किनावी दारामागं सरकला. बादलीची कडी वाजली.

"डाव्या गालावर हाय, हाज्जा," मागून शेहाता म्हणाला. त्याला गप्प बसता आलं नाही.

"कोण ते? पुढं ये! उभा जन्म आरशात बघतीय मी. माझा तीळ तू मला शिकवतोस?"

"आरसा उलटं दाखवतो, हाज्जा."

"म्हंजे आरसा खोटा आणि तू खरा?"

"व्हय," शेहाता म्हणाला, आणि फहीमानं झग्याचं टोक सोडून दिलं, आता काय उपयोग म्हणून.

हमीदानं बोट उचललं आणि चेहऱ्यावर चाचपलं. उजवा गाल. काही नाही. डावा गाल. बोट थांबलं. एवढी माणसं, पण मेंढाही ओरडला नाही.

"मेला आरसा," ती म्हणाली.

मग ती भिंतीजवळ गेली. खऱ्या ओट्यावर चढली आणि चित्रातल्या हमीदाच्या समोर, तोंडापुढं तोंड आणून उभी राहिली. पाय तिनं बघितलेच नाहीत. डोळे बघत राहिली. तिची पाठ सगळ्यांकडं होती, तिचं तोंड वाकडं झालं की सरळ हे कुणालाच दिसेना. किनावी बादली घेऊन डावीकडून वाकून बघतोय, नागी उजवीकडून.

बऱ्याच वेळानं ती वळली.

"ही झोपली न्हाई वाटतं," ती म्हणाली.

किनावी बादलीसकट चित्राच्या डोळ्यांकडं बघायला लागला.

"सगळी म्हणायची, हमीदा रागावून बघती. हमीदा खाऊ का गिळू बघती." तिनं शेहाताकडं बघितलं. "तुला कसं कळलं रं, की हिला झोप आलीय?"

शेहातानं मान खाली घातली. आता त्यालाही पायच दिसत होते. "जे दिसलं ते काढलं, हाज्जा."

"किनावी!"

"आई?" बादली मागं लपवायला गेला आणि चुना स्वतःच्या नव्या झग्यावर ओतून घेतला.

"ती बादली ठेव. भिंतीला बोट लावायचं न्हाई कुणी. आणि माझी खाट घाल आत."

"आई, पावणे आलेत. केना शहरातनं माणसं आलीत. तुमचे हात हातात घ्यायचेत, मुबारक म्हणायचंय..."

"मग म्हणू दे की तिला," हमीदा भिंतीकडं हात करून म्हणाली. "ती हाय बसलेली. ती बघंल सगळं. मी जरा पडते."

आणि ती आत गेली.

जेवणावळ तशीच झाली. पाहुणे ओळीनं ओट्यापाशी आले, भिंतीपुढं उभे राहिले, छातीला हात लावून "हज मुबारक, हाज्जा" म्हणाले आणि पानावर जाऊन बसले. कुणी मोठ्यानं बोललं नाही, कुणी दुसरं मटण आपणहून वाढून घेतलं नाही. जाबिरचाचा शेहाताला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्याच ये माझ्याकडं. काय दिसंल ते काढ. फक्त दात घालून बसू का काढून, तेवढं सांग." नागी साचे घेऊन केव्हा निघून गेला ते कळलं नाही, जाताना तोही सलाम करून गेला, असं गाढवगाडीवाला सांगतो.

किनावी, कमरेपासून खाली पांढरा, शेहातासाठी स्वतः चहा घेऊन आला. ओट्यापुढून जाताना त्यानं मान वाकवली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात आतून एक आवाज आला, जो त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. हाज्जा हमीदा भर दिवसा, दारं उघडी टाकून, घोरत होती.

सबाहनं बोट ओठांवर ठेवलं. सगळी गल्ली पायाचा आवाज न करता चालायला लागली.